प्रिमितिव्हो : एका द्राक्षवेलाचे कूळ



जन्मभर हजेरी, भत्ता आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने इटलीच्या तांबड्या वाइनवर व्याख्यान द्यावे, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. आमच्या घरीही आले. पण या विषयाकडे आम्ही आलो ते कामगारांच्याच वाटेने. ज्युसेप्पे दि व्हित्तोरिओ हे इटलीच्या कामगार चळवळीतले मोठे नाव. १८९२ साली पुलिया प्रांतातील चेरिन्योला गावी शेतमजुराच्या घरी ते जन्मले, लहानपणीच शाळा सुटली, आणि पुढे ते देशाच्या कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले. आमचेही शिक्षण वाचनालयातलेच. म्हणून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता त्याच प्रांतातले जोया देल कोल्ले हे गाव भेटले. १ जुलै १९२० रोजी तेथे मार्झागाल्या नावाच्या मळ्यावर, केलेल्या कामाची मजुरी मागणाऱ्या शेतमजुरांवर जमीनदारांनी गोळ्या झाडल्या. सहा मजूर मेले.

तेच गाव पुन्हा भेटले ते एका बाटलीवर. एका जुन्या सोबत्याचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याने ती बारी बंदरातून आणली होती. चिठ्ठीवरचे नाव पाहून आम्ही चमकलो. घोटभर चाखली. (परवान्याची चौकशी कोणी करू नये.) रंग जवळजवळ जांभळासारखा, चव अति पिकलेल्या फळाची, आणि अंगात भलताच जोर. नाव प्रिमितिव्हो.

या नावाचा अर्थ रानटी असा नव्हे. आधी पिकणारा, असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोया देल कोल्ले येथील इन्देल्लिकाती नावाच्या पाद्र्याने पाहिले की, मळ्यातल्या मिसळलेल्या वेलांत काही वेल इतरांच्या आधी पिकतात. त्यांच्या काड्या काढून त्याने त्या वेगळ्या लावल्या. पुढे अल्तामुराची एक सरदारकन्या या काड्या आंदण घेऊन मांदुरियाला सासरी गेली, असे सांगतात. तरी ही वाइन पुष्कळ काळ आपल्या नावाने विकली जात नसे. उत्तरेकडच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर आणण्यासाठी ती पिंपेच्या पिंपे जाई आणि तिकडच्या नावाखाली खपे. दुसऱ्याच्या जागी राबणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

मग वेल मूळचा इटलीचा काय? तसेही नाही. १९६७ साली ऑस्टिन गोहीन हे अमेरिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ पुलियात गेले असता तेथली वाइन त्यांना कॅलिफोर्नियाच्या झिनफांडेलसारखी लागली. वेल पाहिले, तेही तसेच. झिनफांडेल म्हणजे कॅलिफोर्नियाचा अभिमान! कॅरोल मेरेडिथ यांच्या डीएनए तपासणीने पुढे दोन्ही वेल एकच ठरले. पण अमेरिकेत हा वेल एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेला. मग घर कोणते? आद्रियाटिक समुद्रापलीकडे क्रोएशियात प्लावाच माली नावाचा वेल आहे. पुष्कळांना वाटले, हाच तो. तपासणीत तो निघाला याच वेलाचा मुलगा. तेव्हा झाग्रेबचे पेइच आणि मालेतिच हे संशोधक मेरेडिथ यांच्या साथीने दाल्मातियाचे मळे धुंडाळू लागले, आणि २००१ साली स्प्लितजवळ कास्तेल नोव्ही येथील एका जुन्या मळ्यात मोजकेच वेल सापडले, तंतोतंत तेच. स्थानिक नाव त्सर्ल्येनाक कास्तेलान्स्की, म्हणजे कास्तेलचा तांबडा. मागाहून एका संग्रहालयातील वाळवून ठेवलेल्या नमुन्यावरून जुने नावही कळले : त्रिबिद्राग. पंधराव्या शतकात हे नाव तेथल्या व्यापारात चालू होते.

आपल्या नाशिककडेही हा वेल झिनफांडेल म्हणून लावलेला आहे. मागे एका मळ्यात छाटणीला आलेल्या बायांना आम्ही विचारले, "बाई, हा कोणता वेल?" त्या म्हणाल्या, "दारूची द्राक्षं, दादा. नाव मालकाला ठावं." मग आम्ही रोजाचे विचारले. तो आकडा त्यांना चोख ठाऊक होता. गेल्या दोन आठवड्यांचा अजून हाती पडला नाही, हेही.