सात बळी आणि एक थप्पड

रात्रपाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या क्रीडापत्रकार मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. आभार एवढ्यावरच उरकतो. आपल्या पानावर आभाराला जागा कधी मिळालेली नाही. ऐनवेळी जाहिरात आली की आधी तोच परिच्छेद उडतो.

आज सुरुवात एका कबुलीने करतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी रणजी सामना होता. मी नवखा वार्ताहर. संघ ज्या लॉजवर उतरला होता तिथेच माझीही खोली. त्या दिवशी एका वेगवान गोलंदाजाने सात बळी घेतले होते. संध्याकाळी मुलाखतीसाठी त्याच्या खोलीच्या दारात पोचलो, तेव्हा लॉजचा पोऱ्या चहा घेऊन आत गेलेला होता. वय बारा-तेरा. त्याने ट्रे टेकवला, खिशातून घडी पडलेली वही काढली आणि सही मागितली. ट्रे टेकवताना थोडा चहा बशीत सांडला होता, एवढंच. गोलंदाजाने त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगा वही घेऊन माझ्या बाजूने निघून गेला आणि मी आत जाऊन मुलाखत घेतली. त्या रात्री फोनवरून मी सहाशे शब्द सांगितले. त्यात आउटस्विंगर होता, सकाळचं दव होतं, थप्पड नव्हती. दुसऱ्या दिवशी तोच पोऱ्या मैदानाच्या कुंपणाला लटकून त्याच गोलंदाजाच्या नावाने ओरडत होता.

त्यामुळे खेळाडूंच्या मैदानाबाहेरच्या वागण्यावर बोला असं कुणी म्हटलं, की मला पहिलं आठवतं ते माझंच वागणं.

१९९३ साली अमेरिकेत चार्ल्स बार्कली या बास्केटबॉलपटूने एका जाहिरातीत जाहीर करून टाकलं, की मी कुणाचा आदर्श वगैरे नाही, पोरांना वळण लावणं हे आईबापांचं काम. कार्ल मॅलोन या त्याच्याच तोडीच्या खेळाडूने उत्तर दिलं, की आदर्श व्हायचं की नाही हे आपल्या हातात नसतं, लोक आपल्याला निवडून मोकळे होतात. या वादावर तेव्हापासून आजवर कितीतरी शाई गेली. एक गंमत मात्र सहसा कुणी सांगत नाही. बार्कलीची ती जाहिरात बुटांची होती. माझ्यासारखं वागू नका, पण बूट माझ्यासारखे घ्या! मला विचाराल तर सगळा प्रश्न त्या बुटाच्या खोक्यात आहे. खेळाडू रात्री किती वाजता झोपतो, कुणाबरोबर जेवतो, हा त्याचा खासगी मामला. पण पोरांच्या मनातली आपली जागा तो ज्या क्षणी पैशांत मोजून घेतो, त्या क्षणापासून तो मामला खासगी राहत नाही.

आपल्याकडे खेळाडूच्या मैदानाबाहेरच्या वागण्याचा बंदोबस्त तालमीत होता, असं आपण अभिमानाने सांगतो. पैलवान लंगोटाचा पक्का हवा, पहाटे चारला मातीत हवा, पानाच्या टपरीवर दिसला तर वस्तादाच्या कानावर गेलंच म्हणून समजा. कोल्हापूरच्या तालमींमधली ही शिस्त मी पाहिली आहे आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. पण दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्येही पहाटेचा गजर चारचाच होता, आणि गुरूच्या पायांना हात लावल्याशिवाय दिवस उजाडत नव्हता. तिथून बीजिंग ऑलिम्पिकचं कांस्य आणि लंडनचं रौप्य आणणारा सुशील कुमार मे २०२१ मध्ये एका तरुण पैलवानाच्या मृत्यूच्या प्रकरणात पकडला गेला. प्रकरण न्यायालयात आहे, तेव्हा दोषाचं मी बोलणार नाही. आपलं बोलतो. बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी ‘धक्कादायक’ हा शब्द वापरला. धक्का कसला? त्या आखाड्यात कुणाचा शब्द चालतो, धाक कुणाचा आहे, हे बीजिंगनंतरच्या तेरा वर्षांत आपल्यापैकी कितीजण विचारायला गेले? आपण पदकं मोजायला जात होतो. वस्तादाची शिस्त आतल्यांसाठी असते; बाहेरून विचारणारं कुणी नसलं, की तिचीच दहशत होते.

एका माणसाचं कौतुक करणं आणि त्यालाच जाब विचारणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. दलित गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करून तयार झाले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. मैदानाबाहेरच्या वर्तनाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्या भांड्यापासून, म्हणजे बाळूंच्या सहकाऱ्यांपासून करावी लागेल. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांचा केवढा अभिमान होता! पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले, तेव्हा बाबासाहेबांनी जुना अभिमान बाजूला ठेवून त्यांच्याशी लढत दिली आणि बाबासाहेबच निवडून आले. गोलंदाज थोर म्हणून उमेदवार थोर, असं त्यांनी मानलं नाही. आणि राजकारण पटलं नाही म्हणून ते ११४ बळी कुणी खोडून टाकले नाहीत.

आपल्याला हे जमत नाही. आपण एक तर आरती ओवाळतो, नाहीतर पुतळा जाळतो. सचिन तेंडुलकरचंच पाहा. तंबाखू-दारूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना, म्हणजे आपल्या प्रा. रमेश तेंडुलकरांना दिलेला शब्द त्याने पाळला. १९९६ च्या विश्वचषकात त्याच्या बॅटवर कुणाचंच स्टिकर नव्हतं आणि तरी तिच्यातून स्पर्धेतल्या सर्वाधिक धावा निघाल्या. हे मोठंच आहे. त्याच सचिनला २००३ मध्ये भेट मिळालेल्या फेरारीवर सीमाशुल्काची माफी मिळाली, तेव्हा लोक बोलले, आणि बरोबर बोलले. शेवटी ते शुल्क कंपनीने भरलं. २०२३ मध्ये ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून बच्चू कडू त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले. आपल्यातल्या निम्म्यांनी ते ‘स्टंट’ म्हणून चौकटीत छापलं. वडिलांना दिलेल्या शब्दात पैशांचे खेळ बसत होते का, हा साधा प्रश्न मात्र कुणी नीट विचारला नाही. मीही नाही. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि भारतीय संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं.

आणि ती वेलची! महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो गल्लोगल्ली मिळतो, ते सोडा. पण टीव्हीवर सुनील गावसकर, कपिल देव, वीरेंद्र सेहवाग चांदीचा वर्ख लावलेली वेलची खाताना दिसतात, आणि वेलचीच्या डबीवर नाव असतं पानमसाल्याचं. वेलची खायला कुणाची ना नाही, माझी आजी चहात घालायची. पण डबीवरचं नाव लक्षात राहावं म्हणूनच ही वेलची विकली जाते, हे टपरीवरच्या पोरालाही कळतं. या तिघांच्या खेळावर मी आयुष्यभर लिहिलं, पुन्हाही तसंच लिहीन. त्या वेलचीवर मात्र मी कधी ओळ लिहिली नाही, कारण तीच जाहिरात माझ्या पानाखाली छापून येत होती.

याउलट पुलेला गोपीचंद. २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकून आला, तेव्हा काही गडगंज नव्हता. शीतपेयाची जाहिरात समोर आली, त्याने नाही म्हटलं. जे मी स्वतः पीत नाही ते पोरांना प्या म्हणून सांगणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. आपण ती बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात लावली. २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका गप्पांच्या कार्यक्रमात बायकांविषयी वाह्यात बोलले, ती मात्र आठवडाभर पहिल्या पानावर. बोलणं वाह्यातच होतं, आणि शिक्षाही शहाणपणाची झाली: प्रत्येकी वीस लाख, निम्मे कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानांच्या विधवांना, निम्मे अंध क्रिकेटला. पण वेलचीला एक ओळही नाही आणि वाह्यातपणाला आठ कॉलम, हे माप कुणाचं?

खेळाडूंनी समाजापुढे आदर्श ठेवावा, हे वाक्य आपण अग्रलेखात वर्षातून चारदा लिहितो. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले, कुस्तीतल्या मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐका म्हणाले, तेव्हा आपल्यातलेच काहीजण लिहून गेले, की खेळाडूंनी राजकारणात पडू नये. त्या वर्षी २१ डिसेंबरला साक्षीने पत्रकार परिषदेत कुस्ती सोडत असल्याचं सांगून आपले कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले. बार्कलीने बूट विकले होते, हिने ठेवून दिले. साक्षीसमोर त्या दिवशी बसलेले सगळे आपल्याच धंद्यातले होते.

मित्रहो, फार लांबलं. दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडतो आहे. कोणत्या खेळाडूने कोणत्या मालाला आपलं नाव दिलं, हे आपण धावफलकाइतक्याच नेमाने छापू, आणि त्या मालाच्या कंपन्यांच्या गाड्या, खोल्या, जेवणं आपण घेणार नाही. संपादक कुरकुरतील, जाहिरात विभाग तर भांडेलच. सूचक म्हणून सही मी करून ठेवली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. जेवणाच्या सुट्टीत कुणी येऊन सही करावी, ही विनंती.