तेलाची टाकी आणि गावाची विहीर



वार्षिक मेळाव्यात चार शब्द सांगण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. जव्हार-मोखाडा भागात आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे पिठाची गिरणी, मालमोटार अशा व्यवसायांवर उदरनिर्वाह करतात. अनेकांच्या आवारात डिझेलचे पिंप वा टाकी असते. ती झिरपल्यास जमीन व पाणी स्वच्छ करण्याचा खर्च एखाद्या निधीतून मिळतो काय, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो.

असा निधी जगात आहे. अमेरिकेत 1986 साली जमिनीखालील टाक्यांच्या गळतीसाठी इंधनावरील अल्पशा करातून निधी उभारण्यात आला. 1988 च्या नियमांनी टाकीमालकांवर खर्च सोसण्याची ऐपत दाखविण्याचे बंधन घातले. लहान व्यापाऱ्यास ते झेपेना, म्हणून अनेक राज्यांनी आपापले निधी काढले. मात्र पैसा मागेल त्यास मिळत नाही. टाकीची नोंदणी, वर्गणीचा भरणा, नियमांचे पालन आणि गळती कळताच दिलेली वर्दी, अशा अटी पाळणारा सामान्यतः पात्र ठरतो. खर्चाचा काही वाटा बहुधा त्यासही उचलावा लागतो.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1991 साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला व त्यास जोडून पर्यावरण साहाय्य निधी आला. धोकादायक पदार्थ ठरीव प्रमाणाहून अधिक बाळगणारा मालक विमा उतरवितो आणि हप्त्याइतकीच रक्कम या निधीत भरतो. अपघातग्रस्ताने पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा. म्हणजे हे साहाय्य पीडितासाठी आहे. टाकीच्या मालकास सफाईचा खर्च परत देण्यासाठी नव्हे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तर प्रदूषण करणारानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेलचा एका जागेचा एकूण साठा 2500 लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही भांडे 1000 लिटरहून मोठे नसेल, तर 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. परंतु परवान्यातून सूट म्हणजे जबाबदारीतून सूट नव्हे! विहिरीत वा ओढ्यात दूषित द्रव्य जाऊ देण्यास 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई केली आहे.

आम्ही मोखाडा तालुक्यात शिक्षक असतानाची गोष्ट. एका गिरणीवाल्याचे पिंप पावसाळ्यात तळाशी गंजून झिरपले. खर्चाच्या भीतीने त्याने ब्र काढला नाही. पुढे उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यास तेलाचा वास येऊ लागला, आणि आमच्या वर्गातील मुली हंडा घेऊन दूरच्या झऱ्याची वाट धरू लागल्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या. गिरणीवाला दुष्ट नव्हता. तो एकटा पडला होता. त्याने वेळीच सांगितले असते, तर चार टोपल्या माती काढून काम भागले असते. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एक विहीर नासणे ही लहान हानी नव्हे.

म्हणून आमची संस्थेस नम्र सूचना आहे. असा साठा बाळगणाऱ्या सभासदांनी वर्षाकाठी थोडी वर्गणी द्यावी व त्यातून साहाय्यनिधी उभा करावा. पात्रतेच्या अटी चारच असाव्यात: पिंप जमिनीपासून उंच, पक्क्या हौदीत व छपराखाली ठेवणे, विहिरीपासून दूर ठेवणे, रोज मापकाठीने साठा मोजून वहीत लिहिणे, आणि तूट दिसताच त्याच दिवशी ग्रामपंचायतीस व संस्थेस कळविणे. गळती पाण्यात पोहोचण्याची भीती असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळासही तत्काळ कळवावे. लपविणारास एक पैही देऊ नये. आपल्या विम्यात हळूहळू होणारी गळती धरली आहे काय, हेही विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

सरकारने लहान व्यापाऱ्यासाठी असा निधी काढावा, ही मागणी रास्तच आहे आणि ती आपण करावी. पण तोवर विहीर थांबणार नाही. ज्या गावाने आपल्या दुकानास गिऱ्हाईक दिले, त्या गावाचे पाणी राखणे हे आपले ऋण आहे. ते फेडण्याची बुद्धी सर्वांस होवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.