दोन ठोके आणि एक ठोका



वडीगोद्रीला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर आपण जालन्याला जातो. तिथे शेवटच्या डब्यात गार्ड बसतो. २०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण काम तेच. तिकिटे पाहणारा तपासनीस निराळा. गाडी सोडायची चिंता एकाला, उतारूंची दुसऱ्याला. आपल्या फाट्यावर, जालना-अंबडकडचा रस्ता संभाजीनगर-बीडच्या हमरस्त्याला मिळतो तिथे, या दोन्ही चिंता एकाच माणसाच्या गळ्यात असतात. तो म्हणजे एस. टी.चा कंडक्टर.

हे नाते नुसते उपमेचे नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बसगाड्या सुरू केल्या त्या रेल्वेनेच, २७ गाड्या घेऊन. पुणे-अहमदनगर ही एस. टी.ची पहिली गाडी त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी धावली. तेव्हा मराठवाड्यातली बस ही रेल्वेची लेक आहे म्हणाना!

आता या माणसाचे काम पाहा. दोन ठोके म्हणजे चला, एक ठोका म्हणजे थांबा. ड्रायव्हरची नजर पुढे. मागच्या पायरीवर म्हातारीचा एक पाय अजून खालीच आहे, हे त्याला कसे दिसावे? ते कंडक्टरने पाहायचे आणि मगच दोरी ओढायची. गाडी ड्रायव्हर चालवतो खरा, पण ती सुटते कंडक्टरच्या हाताने.

मग तिकिटे. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने. पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धे. आणि अंगाने थोराड पोर नेमके पाच वर्षांचेच कसे असते, हे आईला विचारण्याची सोय नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायांना अर्धे भाडे. पूर्वी हातात ट्रे आणि पंच असे, आता यंत्र आहे. पण पाचोडला कोण चढले, शहागडला कोण उतरायचे, हे यंत्राला ठाऊक नसते. पुढचा थांबा येण्याआधी साऱ्यांची तिकिटे फाडून झाली पाहिजेत, आणि रात्री हिशेबात तूट आली तर ती ज्याची त्याने भरायची.

एकदा मी घाईत फाट्यावर उतरलो. उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिले होते, ते मी विसरलो. गाडी हलली, आणि लगेच एक ठोका वाजला. “अहो काका, तुमचे बाकी राहिले की!” एवढ्या गर्दीत माझे तोंड त्याच्या ध्यानात होते.

अलीकडे मोठ्या शहरांदरम्यान विनावाहक गाड्या धावतात. तिकिटे स्थानकावरच द्यायची आणि वाटेत न थांबता मुक्काम गाठायचा. खर्च वाचतो, वेळही वाचतो; ते मी नाकारीत नाही. संभाजीनगरहून थेट सोलापूरला जाणाऱ्याला ती गाडी सोयीचीच. पण आपण वाटेवरची माणसे. कंडक्टर नसलेली गाडी फाट्यावरच्या माणसाला घेणार कशी, त्याला तिकीट देणार कोण? बाजाराचे पोते घेऊन उभा असलेला शेतकरी, गेवराईच्या दवाखान्यात निघालेली बाळंतीण, यांनी हात केला तर तो पाहायला गाडीत कोणी हवा ना! महामंडळाने पगार वाचवावा जरूर, पण आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाड्यांतला नव्हे. ही गोष्ट आगारप्रमुखांना लेखी कळवावी, असे मी गावाला सुचवतो. अर्जावर पहिली सही माझी घ्या.

आणि चढताना सुटे पैसे हातात ठेवत जा; पाचशेची नोट त्या बिचाऱ्याने कुठे मोडावी?

अध्यक्षमहाराज घड्याळ पाहत आहेत. एक ठोका मिळाला, थांबतो.