मथळे आणि त्यांचे पराक्रम



वर्तमानपत्राचे आयुष्य एका सकाळचे. दुपारी त्यावर धान्य निवडले जाते, संध्याकाळी त्यात भेळ बांधली जाते आणि महिनाअखेरीस ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. सगळ्या मजकुराची ही गत, तेथे चार शब्दांच्या मथळ्याला कोण विचारणार? परंतु काही मथळे रद्दीत जाण्यास साफ नकार देतात. त्यांतील काहींनी संपादकाला तुरुंग दाखविला, तर एक सव्वाशे वर्षांनी चक्क सरकारी घोषणेत प्रकट झाला.

फसलेल्या मथळ्यांत पहिला मान अमेरिकेचा. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केल्याचे ठळक अक्षरांत छापले. छापखान्यातील कामगारांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला गेला होता. मतमोजणीने मात्र संपादकांचे ऐकले नाही. निवडून आले ट्रुमन, आणि त्यांनी तोच अंक हाती धरून हसतमुखाने छायाचित्र काढून घेतले. हरलेल्या उमेदवारापेक्षा त्या दिवशी वर्तमानपत्राचाच पराभव मोठा ठरला. परिणाम एवढाच, की जग हसले.

मराठी मथळ्यांच्या वाट्याला इतके स्वस्त परिणाम आले नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच अधिक होता. २२ जून रोजी गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने साऱ्या पुण्यावरच दात धरला. तेव्हा ६ जुलैच्या ‘केसरी’त प्रश्न आला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पाठोपाठ १३ जुलैला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे.’ २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

आता कोणालाही वाटेल की खटला डोक्यावरून झाला. पण आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या अंकातील ‘शिवाजीचे उद्गार’ या कवितेवर आणि शिवाजी उत्सवाच्या वृत्तांतावर. सरकारचाही नाइलाज असावा. डोक्याच्या मथळ्यावर खटला भरला असता, तर त्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी न्यायालयात द्यावे लागले असते!

खरा विनोद घडला तो न्यायासनावरून. राजद्रोहाच्या कलमात ‘अप्रीती’ हा गुन्हा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारचा द्वेष करावयास नको, नुसते प्रेम न वाटणे पुरे. हा अर्थ घरोघरी लागू झाला असता, तर निम्मे सासरे आणि बहुतेक जावई १२४-अ खाली आत गेले असते. ज्यूरीतील सहा युरोपियन एका बाजूस आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूस, असा कौल पडून टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागून सुटावे, असे सांगणारे हितचिंतक होते. टिळकांनी ते मानले नाही. आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारला कायद्यात दुरुस्ती करून अप्रीतीचा अर्थ नव्याने लिहावा लागला.

सुटकेनंतर १८९९ मध्ये टिळकांनी पुन्हा लेखणी हाती घेतली ती ‘पुनश्च हरिः ॐ’ म्हणत. खंड पडलेले काम पुन्हा सुरू करताना मराठी माणूस आजही हेच शब्द उच्चारतो. २०२० मध्ये महासाथीची टाळेबंदी शिथिल करताना राज्य सरकारला तेच आठवले. प्लेगच्या काळात सरकारला जाब विचारणाऱ्या संपादकाचा मथळा दुसऱ्या साथीत सरकारच्याच कामी आला.

१९०८ चा अध्याय अधिक गंभीर. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले. खटला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. आता त्यांनीच जामीन नाकारला. टिळकांनी स्वतः एकवीस तास भाषण करून बाजू मांडली. मराठी शब्दांच्या सरकारी भाषांतरावर त्यांचा मोठा आक्षेप होता. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी विभागली. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि मंडालेच्या तुरुंगातून महाराष्ट्राला ‘गीतारहस्य’ मिळाले.

उपाय खरोखर टिकाऊ होते काय? त्या जूनमध्ये वृत्तपत्रांविरुद्ध केलेला कायदा १९२२ साली रद्द झाला. मथळा खरा ठरला, पण तो पाहण्यास टिळक नव्हते. १२४-अ हे कलम मात्र भलतेच टिकाऊ निघाले. १८७० मध्ये आलेले हे कलम १ जुलै २०२४ रोजी जुन्या दंड संहितेबरोबर गेले आणि त्याच्या जागी वेगळ्या शब्दांचे कलम १५२ आले.

स्वातंत्र्यानंतर तरी डोके ठिकाणावर राहिले म्हणावे, तर आणीबाणी आली. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत निधनवार्तांच्या रकान्यात कोणी एक ‘डेमॉक्रसी’ २६ जूनला वारल्याची छोटी जाहिरात छापून आली. मागे सत्य, स्वातंत्र्य, श्रद्धा, आशा आणि न्याय असा परिवार! नेत्यांच्या भाषणांवर डोळा ठेवणाऱ्यांना मृत्यूचा रकाना वाचण्याचे सुचले नाही. पुढे कोरी जागा सोडण्यासही मनाई झाली. १८९७ मध्ये प्रेमाचा अभाव हा गुन्हा होता, १९७५ मध्ये मजकुराचा अभाव! नसलेल्या गोष्टीला भिणारी सत्ता किती बलवान समजावी, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आज मथळे कागदापेक्षा मोबाइलवर अधिक धावतात. सकाळी एक मथळा येतो, दुपारी तो निमूट बदलतो आणि संध्याकाळी नाहीसा होतो. खोटा ठरला तरी ‘ट्रिब्यून’सारखी फजिती नाही, खरा ठरला तरी मंडाले नाही. पाठविणारा पुढे ढकलतो आणि विसरतो. मथळा खरा की खोटा, हे तर पाहावेच. पण त्याखाली नाव घालून परिणाम भोगण्यास कोणी उभा आहे काय, हेही पाहावे. तसा कोणी दिसला नाही, तर पुढे पाठविण्याआधी क्षणभर थांबून केसरीकारांचाच प्रश्न विचारावा. फक्त या वेळी तो सरकारला नव्हे, स्वतःला विचारावा.