धम्माचा अभ्यास आणि पीएच.डी.ची वाट
(समितीच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने आम्हांस दिलेला विषय थोडा रुक्ष आहे. धम्मावर चार शब्द ऐकावयास आलेल्या मंडळींना अर्ज, आराखडा आणि नियम ऐकवावयाचे, म्हणजे जेवावयास बोलावून रेशनकार्ड तपासण्यासारखे झाले. परंतु हल्ली आमच्याकडे येणारी मुले एकच मागणी घेऊन येतात : "सर, बौद्ध धर्मावर पीएच.डी. करायची आहे, एखादा विषय सांगा." विषय दुसऱ्याने सांगावयाचा नसतो, असे आम्ही म्हणतो आणि बहुतेक जण नाराज होऊन जातात. म्हणून आज आमचीच फजिती सांगतो.

एम.ए. झाल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने 'मराठवाड्यातील बौद्ध धर्माचा इतिहास' असा विषय लिहून नेला. आमच्या मार्गदर्शकांनी कागद वाचला आणि विचारले, "यात तुमचा प्रश्न कोणता?" आम्ही गप्प. विषय दोन हजार वर्षांचा होता, प्रश्न एकही नव्हता. आराखडा परत आला आणि एक वर्ष गेले.

प्रश्न सापडला तो अजिंठ्याला. विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी, वेरूळची पहिली बारा लेणी, अजिंठा, हे सगळे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. पाहिलेले म्हणजे डबा खाऊन परत आलेलो. त्या खेपेस सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखाचे छापील वाचन हातात होते. पाचव्या शतकातील तो लेख संस्कृतात आहे आणि ते लेणे करविणारा आहे बुद्धभद्र नावाचा भिक्खू. आता पहा, विनयात भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये असा नियम आहे. मग भिक्खू लेणे कोरवतो कसा? कान्हेरीच्या लेखांतही भिक्खू-भिक्खुणींची दाने आहेत. पुस्तकातला नियम एक सांगतो, दगड दुसरेच सांगतो. हा झाला प्रश्न. पुढे कळले की अमेरिकेतील ग्रेगरी शोपेन यांनी याच गोष्टीवर पुष्कळ लिहिलेले आहे. आमचे तोंड उतरले. मार्गदर्शक म्हणाले, "बरे झाले. आता त्यांनी काय पाहिले नाही ते पहा." शोधनिबंधाचे काम तेथून सुरू झाले.

घरी मात्र वादळ उठले. आमचे चुलते विहारात रोज वंदनेला जाणारे. त्यांनी विचारले, "बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात तू आता खोट काढणार काय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन महिने आम्ही वही उघडली नाही. मग 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पुन्हा काढला. त्याच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी चार अडचणी मांडलेल्या आहेत : सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म, आणि चौथी अडचण भिक्खूविषयीच. भिक्खूसंघ कशासाठी निर्माण केला, हे ते विचारतात. आम्ही ते पान चुलत्यांना वाचून दाखविले. ते काही बोलले नाहीत. पण नंतर आमच्याकडे पाहुणे आले की "पोराला अभ्यास आहे, दार लावून घ्या" असे तेच सांगू लागले.

श्रद्धा ठेवून अभ्यास करता येतो की नाही, यावर पुष्कळ वाद होतात. आमचा अनुभव एवढाच की, उत्तर आधी ठरवून बसलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात अडकतो.

आता भाषेचे. आपल्याकडे या वाटेने जे आधी गेले त्यांच्याकडे पहावे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपास गेले आणि तेथे पाली शिकले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. तरी फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' संपादित केला. तो छापून आला १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट हार्वर्डला जाऊन डॉक्टर झाले. त्यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना केली. तो प्रबंध १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. यातली गंमत अशी की 'विमुत्तिमग्ग' पूर्ण स्वरूपात उरला होता तो चिनी भाषांतरात. तेव्हा पालीच्या या अभ्यासकाला चिनी ग्रंथाशी झगडावे लागले. आणि आमची मुले विचारतात, "पाली न शिकता मराठी अनुवादावर चालेल का?" नाही चालणार. देवनागरी लिपीतले त्रिपिटक नालंदेने १९५६ पासून छापले, इगतपुरीचेही उपलब्ध आहे. लिपीची अडचण नाही, रोज एक तास बसण्याची आहे. लेण्यांवर काम करावयाचे असेल तर ब्राह्मी लिपीही हवी.

नियम थोडक्यात सांगतो. सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम लागू आहेत. एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना पाच टक्के सवलत. प्रवेश परीक्षा किंवा नेट, त्यानंतर मुलाखत. नेटमध्ये पाली आहे, बौद्ध-जैन-गांधी व शांतता अध्ययन आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यासही आहे, आपल्या एम.ए.शी जुळेल तो विषय घ्यावा. मग कोर्सवर्क. मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. महिलांना आणखी दोन वर्षे आणि २४० दिवसांची प्रसूती रजा आहे. हे आमच्या भगिनींना कोणी सांगत नाही, आणि लग्न झाले की त्या नाव काढून टाकतात. कृपा करून काढू नका. उसनवारीबद्दलही २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्यापुढे अडचण. 'शोधगंगा'वर प्रबंध सर्वांना खुले असतात, तेव्हा नक्कल लपत नाही.

पैशाचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आमची शिष्यवृत्ती चौदा महिने अडकली होती. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. त्या काळात आम्ही शिकवण्या घेतल्या आणि तिसरे प्रकरण रात्री लिहिले. ते प्रकरण वाईट झाले, पुन्हा लिहावे लागले. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच नोंदणी करा, आणि कुटुंबाला आधी स्पष्ट सांगा. विलंबाने मात्र खचू नका. बाबासाहेबांनी कोलंबियातला अभ्यास १९१६ साली संपविला, पण प्रबंध १९२५ साली छापला गेला आणि पदवी १९२७ साली मिळाली. मध्ये १९१७ साली जहाजाने पाठविलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली. तुमच्या प्रबंधाच्या प्रती मात्र तीन ठिकाणी ठेवा. आमचा संगणक एकदा ऐन पावसाळ्यात बंद पडला होता.

शेवटी तोंडी परीक्षा. तिची भीती फार. ज्या नागसेनवनात १९५० साली मिलिंद महाविद्यालय निघाले, त्या नावांतच तिचा धडा आहे. नागसेन मिलिंद राजाला आधी विचारतो की पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडित चूक दाखविली तर मान्य करतात, रागावत नाहीत. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतो. आमच्या बाहेरच्या परीक्षकांनी एका लेखाचे आमचे वाचन चुकले आहे असे दाखविले. आम्ही क्षणभर अडलो आणि "होय, चुकले" म्हणालो. त्यांनी वही मिटली आणि पुढचा प्रश्न विचारला. चुलते मागच्या रांगेत बसले होते. त्यांना वाटले, आम्ही नापास झालो.

ज्यांना आराखडा दाखवावयाचा असेल त्यांनी दर रविवारी सकाळच्या वंदनेनंतर विहारात यावे. दोन पानांपेक्षा जास्त आणू नये, आणि पहिल्याच ओळीत प्रश्न लिहिलेला असावा.

जयभीम.