‘सोला?’

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मेक्सिकोत एकटीने मोटरसायकल चालवली, त्या धाडसाबद्दल बोल, असं मला सांगण्यात आलं. धाडसाबद्दल मी थोडंच बोलणार आहे. का, ते पुढे कळेल.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी वाहाका शहरातून निघाले. वाहाका हे दक्षिण मेक्सिकोतलं राज्य, राजधानीचं नावही तेच. तिथून १७५ क्रमांकाचा रस्ता सिएरा सूरचे डोंगर ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे, पोचुत्लाला उतरतो. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, पण सगळा घाट. माझं वय तेव्हा बावन्न. भाड्याची १५० सीसीची गाडी, मागे बांधलेली एक पिशवी, आणि एक नियम : दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. हा नियम मला तिथल्या बायकांनी सांगितला. निघताना आईनेही तोच सांगितला होता. दोघींची भाषा वेगळी, नियम एकच.

पहिला दिवस शुक्रवारचा, म्हणजे ओकोत्लानच्या बाजाराचा. मिरच्या, कोंबड्या, मातीची भांडी; विकणाऱ्या बहुतेक बाया. मी हेल्मेट काढलं की प्रश्न यायचा, ‘सोला?’ म्हणजे ‘एकटी?’ मग नवरा कुठे, मुलं किती. एस.टी. स्टँडवर बसल्यासारखंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मिआवात्लान सोडलं आणि चढ लागला. सान होसे देल पासिफिको हे गाव सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, पाइनच्या जंगलात आहे. त्याच्या पुढे उतारावर धुकं आलं. ओल्या वळणावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. पाय खाली अडकला. समोरच्या खानावळीतून दोघी धावत आल्या. एकीने हँडल उचललं, दुसरीने मला ओढून काढलं. हाड मोडलं नव्हतं, पण हातपाय थरथरत होते.

त्यांनी मला चुलीजवळ बसवलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला, कोमाल म्हणजे त्यांचा तवा, त्यावर भाकऱ्या. मोडक्या स्पॅनिशमध्ये आम्ही बोललो. भीती वाटत नाही का, असं थोरलीने विचारलं. वाटते, म्हटलं. ती हसली. लहानपणापासून ती याच घाटातून पोती घेऊन पिकअपच्या मागे उभी राहून बाजाराला जाते. धुक्यात, पावसात, एकदा तर आठव्या महिन्यात. तिला कुणी धाडसी म्हटलेलं नाही. मी खाली मान घालून खात राहिले.

गावच्या सभेला जातेस का, असं मी विचारलं. नवरा जातो, ती म्हणाली.

हे त्या एका घरापुरतं नाही. वाहाकात ५७० नगरपालिका आहेत. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी पक्षांच्या निवडणुका होत नाहीत. गावसभा आपल्या रूढीप्रमाणे कारभारी निवडते. आदिवासींनी स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा हा हक्क लढून टिकवलेला आहे, तो आपण हलका लेखू नये. पण कित्येक गावांत सभा म्हणजे पुरुषांचीच. आपल्याकडच्या गावकीची आठवण यावी अशी.

याच सिएरा सूरमधल्या सांता मारिया किएगोलानी या सापोतेक गावची युफ्रोसिना क्रूस. लहान वयात लग्न होऊ नये आणि शिकता यावं म्हणून तिने मुलगी असतानाच गाव सोडलं. २००७ साली ती गावच्या प्रमुखपदासाठी उभी राहिली. तिला पडलेली मतं बाद करण्यात आली, कारण ती बाई. ती गप्प बसली नाही. २०१० मध्ये ती वाहाकाच्या विधिमंडळावर निवडून आली आणि त्याची अध्यक्ष झाली. २०१५ साली देशाच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात दुरुस्ती होऊन आदिवासी स्त्रियांचा मत देण्याचा आणि निवडून येण्याचा समान हक्क स्पष्टपणे लिहिला गेला. रूढी मोडून नव्हे, रूढीत बाईची जागा मागून तिने हे केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र दिसला. मी गाडी थांबवली आणि रडले, हेही सांगते. मासुंते या किनाऱ्यावरच्या गावी मुक्काम केला. एके काळी तिथे समुद्री कासवं मारण्यावर पोट होतं. १९९० साली सरकारने बंदी घातली. नंतर गावकऱ्यांनी साबण-तेलं बनवणारी सहकारी संस्था उभारली.

परत आल्यावर माझे सत्कार झाले. माझ्याकडे पगारी रजा होती, पासपोर्ट होता, पैसे होते. परक्या रस्त्यावर बाई एकटी गेली की कौतुक होतं. स्वतःच्या गावच्या सभेत एकटी उभी राहिली की मतं बाद होतात. दुसरा रस्ता जास्त अवघड आहे. आणि खरं तर मी एकटी नव्हतेच. गाडीवर एकटी होते, रस्त्यावर नव्हते.

म्हणून टाळ्यांऐवजी तीन प्रश्न ठेवते. आपल्यातल्या कितीजणींकडे दुचाकीचं लायसन्स आहे? घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे? आणि संध्याकाळची सभा संपल्यावर आपण घरी कशा जातो, कुणाच्या भरवशावर? उत्तरं प्रत्येक गटाने लिहून आणावीत. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करू.