दिवसाचें तिकीट आणि मुलाचा दिवस



शाळांचे निकाल लागले, वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं खानदेशांतल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: यंदा मुलांना कोठें न्यावयाचें? जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, धुळ्याचे रस्ते भर दुपारीं ओस पडतात, आणि चार भिंतींत कोंडलेल्या मुलांचा जीव उबून जातो. पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. तें म्हणजे मामाचें घर. आतां त्याच्या जोडीला दुसरें एक उत्तर आलें आहे. खोपोलीजवळ किंवा अन्यत्र जीं मोठीं क्रीडोद्यानें निघालीं आहेत, ज्यांस आपण थीम पार्क म्हणतों, त्यांपैकीं एखाद्यांत सहकुटुंब एक दिवस घालवावयाचा.

मला आज बोलावयाचें आहे तें या सहलीविषयीं, आणि विशेषतः तिच्यांतील सर्वांत धाकट्या प्रवाशाविषयीं. तीन, चार, पांच वर्षांचें जें मूल, त्याच्या नांवानें ही सहल निघते. आणि पुष्कळदां तिचा जाच सर्वांत अधिक त्यालाच होतो. असें कां व्हावें, आणि तें टाळतां कसें येईल, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हीं उद्यानें आलीं कोठून तें पाहूं. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें तिव्होली नांवाचें उद्यान १८४३ सालीं उघडलें आणि तें अद्याप चालू आहे. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस नांवाच्या इंजिनिअरानें २६४ फूट उंचीचा लोखंडी पाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यांत ६० माणसें मावत. परंतु आज आपण ज्या प्रकारचें उद्यान पाहतों, त्याचा खरा जनक वॉल्ट डिस्ने होय. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्यें त्याच्या दोघी मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि तो स्वतः बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत बसे. आईबाप आणि मुलें यांना एकत्र मौज करतां येईल अशी जागा कां असूं नये, हा विचार आपणांस तेथें सुचला, असें तो सांगत असे. त्यांतून १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. पहिल्याच दिवशीं खोट्या निमंत्रणपत्रिकांमुळें अपेक्षेहून कितीतरी अधिक गर्दी लोटली. ऊन असें कडक होतें, कीं नवें डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यांत रुतूं लागल्या. आणि नळकामगारांचा संप असल्यामुळें पिण्याच्या पाण्याच्या तोट्या पुष्कळशा कोरड्या होत्या. ऊन, गर्दी आणि पाणी हे तीन प्रश्न या उद्यानांच्या पांचवीलाच पूजलेले आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्या देशांत दिल्लीस १९८४ सालीं अप्पू घर निघालें. तें २००८ सालीं बंद झालें. मुंबईजवळ गोराईस १९८९ सालीं एस्सेल वर्ल्ड सुरू झालें, आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका उघडलें. पुणें-मुंबईच्या द्रुतगति मार्गालगत असल्यामुळें खानदेशांतलीं कुटुंबेंही तेथवर जाऊं लागलीं.

पण पाळण्याची आणि गर्दीची हौस कांहीं आपल्याला नवी नाहीं. अमळनेरास वैशाखांत बोरी नदीच्या पात्रांत सखाराम महाराजांची यात्रा भरते. धुळ्यास पांझरेच्या कांठीं एकवीरादेवीची चैत्री यात्रा असते. महाशिवरात्रीस मुक्ताईनगर आणि चांगदेव येथें माणसांचा पूर येतो, आणि दत्तजयंतीस तापीकांठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. बापाच्या खांद्यावर बसून यात्रा पाहिलेली नाहीं असा खानदेशी माणूस विरळा. रेवड्या, पिपाण्या, फुगे, आणि मधोमध उंच पाळणा. आज तो विजेवर फिरतो; पूर्वीं गडी माणसें त्याच्या आऱ्यांना लोंबकळून आपल्या भारानें तो फिरवीत.

या यात्रेंत आणि त्या उद्यानांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि माझ्या मतें सर्व गोष्टीचें मर्म तेथेंच आहे. यात्रेंत आपण एका फेरीचे पैसे देतों. मुलाला गोडी वाटली तर दुसरी फेरी. तें घाबरलें तर पाळण्याखालून काढतें घ्यावयाचें आणि रेवड्या घेऊन नदीच्या वाळूंत बसावयाचें. नुकसान झालें तर एका फेरीचें. उद्यानांत आपण सबंध दिवसाचे पैसे आधींच मोजतों. तिकीट एकदां हातीं आलें, कीं हिशेब सुरू होतो. इतक्या माणसांचे इतके पैसे भरले, प्रवासखर्च वेगळा. तेव्हां सर्व खेळ झाले पाहिजेत, एकही सुटतां कामा नये. ‘पैसे वसूल’ हा मंत्र मोठ्यांच्या मनांत जागा होतो, आणि ज्याच्यासाठीं आपण आलों तें मूल त्या वसुलीच्या मागें फरपटूं लागतें.

धुळ्याच्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. आई, वडील, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मालेगांव-नाशिकवरून रात्रभर मोटारीचा प्रवास करून मंडळी सकाळीं थेट उद्यानाच्या दारांत उभी राहते. जळगांवची मंडळी रेल्वेनें निघाली तर चाळीसगांव, मनमाड, इगतपुरी करीत, कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणास येते आणि तेथून कर्जतकडे वळते. कल्याणपर्यंतच साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडतें. मोठीं माणसें चहा घेऊन ताजीं होतात. चार वर्षांचा मुलगा मात्र अर्धी झोप घेऊन आलेला असतो, आणि दुपारीं दोनच्या सुमारास तो भोकाड पसरतो. मग ‘एवढे पैसे खर्चून आणलें आणि हा रडतो’ असा बोल त्यालाच ऐकावा लागतो. वस्तुतः तो हट्ट नव्हे, झोप होय. यावर उपाय साधा आहे. आदल्या दिवशीं संध्याकाळीं पोहोंचावें, रात्रीं मुलाला पुरती झोप द्यावी, आणि सकाळीं दार उघडतांच आंत शिरावें. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च जड वाटला तर दोन वेळचें खाणें घरून न्यावें; बाहेरचें खाणें आंत नेऊं देत नसतील तर दाराबाहेर पोटभर खाऊन घ्यावें, पण झोपेंत काटकसर करूं नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. आम्ही खानदेशी लोक उन्हाला भीत नाहीं, आणि तेथेंच फसतों. आपल्याकडची हवा कोरडी. घाम येतो न येतो तोंच वाळतो आणि वाळतांना अंग निवतें. बोरघाटाच्या पायथ्याशीं पारा आपल्यापेक्षां खालीं असला तरी हवा दमट असते. तेथें घाम वाळत नाहीं, अंगावरच राहतो, आणि आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं. खेळांत रमलेलें मूल तहान लागली असें स्वतः होऊन सांगत नाहीं. त्याला ठरवून, थोड्या थोड्या वेळानें पाणी पाजावें. आणि तें एकाएकीं मलूल झालें, अंग तापलें, लघवीला होईनासें झालें, तर खेळ तेथेंच सोडून सावली गांठावी व वैद्यकीय मदत घ्यावी. दिवाळीच्या सुटींत किंवा थंडीच्या दिवसांत जाणें शक्य असेल तर त्यासारखें दुसरें उत्तम नाहीं.

तिसरी गोष्ट उंचीच्या पट्टीची. मोठ्या खेळाच्या दाराशीं एक पट्टी रोवलेली असते, आणि तिच्याहून ठेंगण्या मुलास आंत सोडीत नाहींत. बहीण आंत जाते आणि भाऊ बाहेर राहतो. मग तो आक्रोश करतो, आणि बाप दारावरच्या माणसाशीं हुज्जत घालतो, कीं बोटभरच तर कमी आहे. ही पट्टी कोणाच्या लहरीनें लागलेली नसते. वेगानें वळणाऱ्या किंवा उलट्या होणाऱ्या गाडींत माणसाला जागेवर धरून ठेवणारा जो दांडा असतो, तो ठराविक मापाच्या देहावरच नीट बसतो. त्याहून लहान देह त्याच्या खालून निसटूं शकतो. टांचा उंच करून किंवा जाड तळाचे बूट घालून मुलाला आंत घुसविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ करणें होय. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं आठ दिवस घरच्या भिंतीवर मुलाची उंची मोजावी, उद्यानाकडून प्रत्येक खेळाचा नियम विचारून घ्यावा, आणि मुलाला तेव्हांच सांगावें: हे खेळ तुझे, ते ताईचे. आधीं कळलेली गोष्ट मूल पचवूं शकतें. दाराशीं कळलेली गोष्ट त्याला अपमानासारखी लागते.

यापुढची गोष्ट भीतीची, आणि ती मला सर्वांत नाजूक वाटते. अंधाऱ्या गुहेंत एकाएकीं राक्षस पुढें येतो, तेव्हां आपण हंसतों, कारण तो कागदाचा आणि तारांचा आहे हें आपल्याला ठाऊक असतें. चार वर्षांच्या मुलाला खरें आणि सोंग यांतील रेषा अजून पक्की झालेली नसते; त्याच्या दृष्टीनें तो राक्षस आलेलाच असतो. अशा वेळीं ‘भित्रा कुठला’ म्हणून त्याला हिणवणें, किंवा ‘कांहीं होत नाहीं’ म्हणत पुन्हां त्याच गाडींत बसविणें, हें क्रौर्य आहे. मग तें कितीही प्रेमानें केलेलें असो. मूल ‘नको’ म्हणालें कीं तो शब्द मानावा. ‘नको’ म्हटल्यावर आई थांबते हा विश्वास त्याला मिळाला, तर पुढच्या वर्षीं तें कदाचित् आपण होऊन ‘चला’ म्हणेल. मोठ्या खेळांची हौस आईबापांनाही असते आणि ती गैर नाहीं. त्यांनीं पाळीपाळीनें जावें. एकानें खेळांत बसावें, दुसऱ्यानें धाकट्याजवळ थांबावें. हें काम दर वेळीं आजीच्याच गळ्यांत पडूं नये. तिनेंही तिकिटाचे पैसे दिलेले असतात आणि तिलाही कांहीं पाहावयाचें असतें.

गर्दींत मूल चुकणें हा धोका यात्रेंतही आहे आणि उद्यानांतही आहे. सकाळीं निघतांना मुलाचा त्या दिवशींच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा. त्याच्या खिशांत आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. ‘आम्ही दिसलों नाहीं तर शोधायला धांवूं नकोस, आहेस तेथेंच उभा राहा, आणि गणवेश घातलेल्या माणसाला किंवा मुलें बरोबर असलेल्या एखाद्या बाईला हांक मार,’ हें त्याला दोन-तीन वेळां वदवून घ्यावें. या शिकवणुकीला पैसा पडत नाहीं.

आतां कोणी विचारील, इतक्या लहान वयांत नेलेलें मुलाला पुढें आठवतें तरी काय? ही शंका रास्त आहे. साधारणतः तिसऱ्या वर्षाच्या आधींचें आपणांस मोठेपणीं कांहीं आठवत नाहीं, आणि त्यानंतरचेंही तुटक तुटकच आठवतें. पण सुख हें पुढें आठवावें म्हणूनच द्यावयाचें असतें असें थोडेंच आहे? त्या दिवसाचें सुख त्या दिवसापुरतें पुरें खरें असतें. शिवाय जें मूल घरीं आल्यावर आजोबांना, शेजाऱ्यांना तीच हकीकत पुन्हां पुन्हां सांगतें, तिची आठवण टिकण्याचा संभव अधिक. ती हकीकत ऐकतांना मात्र एक चमत्कार दिसून येतो. तींत हजारों रुपयांच्या गाडीचें नांव नसतें; कारंज्याखालीं बाबा भिजल्याचें असतें, बाकाखालच्या मुंगळ्यांचें असतें.

म्हणूनच माझें सांगणें असें, कीं दिवसाचें तिकीट घ्यावें, परंतु दिवस तिकिटाच्या मापानें मोजूं नये. चार वर्षांच्या मुलासाठीं तीन-चार छोटे खेळ, एक पाण्याचें डबकें आणि दुपारची झोप एवढा दिवस भरपूर होतो. एकच चक्र त्याला पांच वेळां फिरावयाचें असेल तर फिरूं द्यावें. ज्यांना हा खर्च परवडत नाहीं, त्यांनींही मन खट्टू करूं नये. मेहरूण तलावाच्या कांठीं, लळिंगच्या पायथ्याशीं किंवा बोरीच्या वाळूंत हें सारें आजही मिळतें. मोठ्या माणसानें घड्याळ बाजूला ठेवून मुलाशेजारीं बसलें पाहिजे, एवढीच अट आहे. डिस्नेला बाकावर बसून जी उणीव भासली ती हीच होती, आणि ती भरून काढण्यास प्रत्येक वेळीं खोपोलीपर्यंत जावें लागतेंच असें नाहीं.